शेऱ्याचा रकाना : संशोधन-साहाय्य आणि तौलनिक साहित्याभ्यास

१. प्रश्नाची मांडणी

विद्यापीठीय व्यवहारात ‘संशोधन’ आणि ‘संशोधन-साहाय्य’ अशी एक विभागणी रूढ आहे. संशोधन अध्यापकाने करावयाचे; ग्रंथ मिळवून देणे, सूची करणे, हस्तलिखिताची नक्कल उतरविणे, प्रबंध संगणकीय भांडारात ठेवणे, साहित्यचौर्याची तपासणी करणे ही कामे ग्रंथपालाने, तांत्रिक साहाय्यकाने अथवा शिक्षकेतर कर्मचाऱ्याने करावयाची, असे ही विभागणी मानते. पहिल्या कामात अर्थनिर्णय आहे आणि दुसऱ्यात केवळ कौशल्य आहे, हे तिचे गृहीतक होय. प्रशिक्षणाची रचनाही याच गृहीतकावर उभी आहे.

अन्य विद्याशाखांत हे गृहीतक कितपत टिकते हा निराळा प्रश्न आहे. तौलनिक साहित्याभ्यासाच्या क्षेत्रात मात्र ते टिकत नाही. एका भाषेच्या अभ्यासकाला आपल्या सामग्रीपर्यंत बहुधा स्वतः पोहोचता येते. तीन-चार भाषांच्या साहित्याचा एकत्र विचार करणाऱ्याला ते क्वचितच शक्य होते. एखादी लिपी त्याला वाचता येत नाही, एखाद्या भाषेतील नियतकालिकांची परंपरा त्याला ठाऊक नसते, एखाद्या प्रदेशातील ग्रंथसंग्रहाची रचना त्याच्या परिचयाची नसते. त्यामुळे कोणाच्या तरी वाचनावर विसंबूनच तो तुलना करतो. ज्याला साहाय्य म्हटले जाते ते वस्तुतः पहिले वाचन असते, आणि तौलनिक अभ्यासकाचे वाचन हे त्या वाचनावरचे दुसरे वाचन असते. पहिल्या वाचनात कोणते निर्णय घेतले गेले हे दुसऱ्या वाचकाला कळण्याची सोय आहे की नाही, या एका निकषावर भारतातील संशोधन-साहाय्याच्या व्यवस्थेची चिकित्सा करता येते.

२. पाठपडताळणीचा कागद

या चिकित्सेसाठी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम आरंभिले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकर या प्रकल्पाचे प्रमुख संपादक होते. बर्लिन येथे हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली शिकलेल्या सुखठणकरांनी आदिपर्वाच्या १९३३ मधील प्रास्ताविकात पाठनिश्चितीची तत्त्वे मांडली. त्या तत्त्वांची चर्चा भरपूर झाली आहे. त्यांना आधार देणाऱ्या कार्यपद्धतीकडे तुलनेने कमी लक्ष गेले.

शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम अशा लिप्यांतील पोथ्या समोर ठेवून एकच पाठ सिद्ध करावयाचा होता. त्या सर्व लिप्या व पोथ्या एकट्या संपादकाच्या आवाक्यातल्या नव्हत्या. म्हणून निरनिराळ्या लिप्या जाणणारे शास्त्री या कामावर होते, आणि पुण्याबाहेर शांतिनिकेतन व तंजावर येथेही पाठपडताळणीची केंद्रे चालविली गेली. काम ज्या कागदावर होई त्याची रचना लक्षणीय होती. आडव्या-उभ्या रेषांनी चौकटी आखलेल्या त्या कागदावर आधारासाठी घेतलेल्या पाठाची ओळ अक्षराअक्षराने लिहिलेली असे. तिच्या खाली एकेका पोथीच्या खुणेसमोर त्या पोथीतील वेगळी अक्षरे नोंदविली जात. आणि अगदी उजव्या कडेला शेऱ्यासाठी एक रुंद रकाना राखून ठेवलेला असे. पोथीतील खाडाखोड, समासात घातलेली भर, संदिग्ध अक्षर, पुसट वा गळालेला भाग यांविषयीची निरीक्षणे शास्त्री या रकान्यात लिहीत.

या रकान्याचे महत्त्व एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. बंगाली लिपीत ‘ब’ आणि ‘व’ यांसाठी एकच अक्षरचिन्ह आहे. बंगाली पोथीतील शब्द देवनागरी चौकटीत उतरविताना वाचणाऱ्याला दोहोंपैकी एक वर्ण निवडावा लागतो. हा निर्णय लिपिज्ञानाचा आहे तसाच तो अर्थज्ञानाचाही आहे. चौकटीत फक्त निर्णयाचा परिणाम दिसतो. निर्णय घ्यावा लागला ही गोष्ट कळण्याची जागा म्हणजे शेऱ्याचा रकाना. साहाय्यक जे वाचतो तेही वाचनच आहे, ते चुकू शकते आणि म्हणूनच ते संपादकाला तपासता आले पाहिजे, या जाणिवेला त्या कागदाने आकार दिला होता.

अशीच दुसरी कार्यशाळा डेक्कन कॉलेजमध्ये उभी राहिली. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये सुरू झालेल्या ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत कोशासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. शब्द कोणत्या अवतरणासह उचलावयाचा हे ठरविणारी व्यक्तीच कोशकाराच्या पुढील विचाराची सामग्री ठरवीत होती.

या कार्यशाळांचा गौरव करताना त्यांच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करता येणार नाही. तेथे संपादक आणि शास्त्री यांच्यातील श्रेणी स्पष्ट होती. संपादकाचे नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर येई, तर शास्त्र्यांची नावे प्रास्ताविकातील आभारात येत. त्या दालनांत प्रवेश कोणाला मिळे, याचे उत्तर तत्कालीन समाजरचनेपासून वेगळे काढता येत नाही. शिवाय शेऱ्याचा रकाना छापील आवृत्तीत जसाच्या तसा आला नाही. त्याचे सार तळटीपांत उतरले. तरीही साहाय्यकाच्या निर्णयाला नोंदीत जागा देणारे हे प्रारूप होते, आणि पुढील व्यवस्थांशी तुलना करताना तेच निर्णायक ठरते.

साहाय्याचे स्वरूप नोंदले न गेल्यास काय होऊ शकते याचे एक कटू स्मरण याच संस्थेशी निगडित आहे. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर हल्ला होऊन तेथील ग्रंथसंपदेची हानी झाली. शिवाजी महाराजांविषयी एका परदेशी अभ्यासकाने लिहिलेल्या वादग्रस्त ग्रंथात संस्थेचे आणि तिच्याशी संबंधित अभ्यासकांचे आभार मानलेले होते, एवढा दुवा त्यासाठी पुरेसा मानला गेला. हल्ल्याची कारणे राजकीय व सामाजिक होती आणि त्यांची चर्चा येथे अभिप्रेत नाही. परंतु साहाय्य करणारा एरवी अदृश्य असतो आणि प्रसंगी ग्रंथातील प्रत्येक विधानाला जबाबदार धरला जातो, ही विसंगती त्यातून उघड झाली. आभाराची ओळ साहाय्य झाले एवढेच सांगते. ते कोणते आणि कोठवर, हे सांगत नाही.

३. सूचीकाराचे निर्णय

पाठपडताळणीइतकेच मूलभूत काम सूचीकाराचे आहे. शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीचा पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा भाग १९३८ ते १९५० या कालखंडातील मुद्रित ग्रंथांची नोंद घेतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी साहित्याविषयी विधान करणारा अभ्यासक, मान्य करो वा न करो, या सूचीच्या आधाराने बोलत असतो. शिशिरकुमार दास यांनी साहित्य अकादमीसाठी लिहिलेल्या भारतीय साहित्येतिहासाच्या खंडांबाबतही (१८००–१९१०, प्रकाशन १९९१, १९११–१९५६, प्रकाशन १९९५) हेच म्हणता येईल. त्यांतील विवेचनाइतकाच मोलाचा भाग म्हणजे वर्षवार दिलेली साहित्यघटनांची कोष्टके. निरनिराळ्या भाषांतील एकाच वर्षीच्या घटना शेजारी येताच तुलनेची शक्यता निर्माण होते. कोणती घटना कोष्टकात घ्यावयाची हे ठरविणे हीच समीक्षेची पहिली कृती असते.

सूचीतील निर्णय किती दूरवर परिणाम करतात हे पाहण्यासाठी लेखकनामाचा प्रश्न घ्यावा. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने लिहिले. ‘विशाखा’चे कवी कुसुमाग्रज आणि ‘नटसम्राट’चे नाटककार वि. वा. शिरवाडकर हे एकच आहेत, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. बंगाली वा तमिळ अभ्यासकापुढे मात्र सूची असते. सूचीत परस्परनिर्देश नसेल तर त्याच्या दृष्टीने हे दोन लेखक आहेत. उलट, सर्व नोंदी एकाच नावाखाली आणल्या तर टोपणनावामागील वाङ्मयप्रकाराची जाणीव पुसली जाते. दोन्ही पर्यायांत काही कमावले व काही गमावले जाते. कोणता स्वीकारावा हे वाङ्मयेतिहास जाणल्याशिवाय ठरविता येत नाही.

वर्गीकरणात हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. ड्यूई यांच्या दशांश पद्धतीत साहित्याची विभागणी प्रथम भाषेनुसार होते. बंगाली साहित्याला ८९१.४४ आणि मराठी साहित्याला ८९१.४६ हे अंक आहेत. अनुवादित कृती मूळ भाषेच्या साहित्यात ठेवावी, असा या पद्धतीचा संकेत आहे. त्यामुळे मामा वरेरकरांनी मराठीत आणलेल्या शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कादंबऱ्या, हा संकेत पाळल्यास, बंगाली साहित्याच्या फळीवर जातात. वाचनालयाने भाषेनुसार मांडणी केली असल्यास त्याच कादंबऱ्या मराठी कपाटात येतात. मराठी वाचकांच्या अभिरुचीवर बंगाली कादंबरीचा प्रभाव शोधणाऱ्याला पहिल्या मांडणीत त्या कृती मराठी साहित्याबाहेरच्या दिसतील आणि दुसऱ्या मांडणीत मराठीतच मुरलेल्या दिसतील. अनुवाद कोणत्या साहित्याचा, हा तौलनिक अभ्यासातील कळीचा प्रश्न ग्रंथपालाला पुस्तकाच्या पाठीवर अंक चिकटविताना सोडवावा लागतो आणि तो सोडविला गेल्याचे कोणाला कळतही नाही.

लिपीच्या निवडीचेही तसेच आहे. बी. एस. केशवन आणि व्ही. वाय. कुलकर्णी यांनी संपादिलेल्या आणि साहित्य अकादमीने प्रकाशित केलेल्या, १९०१ ते १९५३ या कालखंडाच्या भारतीय साहित्याच्या राष्ट्रीय ग्रंथसूचीत सर्व भाषांतील नोंदी रोमन लिपीत, उच्चारचिन्हांसह दिलेल्या आहेत. एक लिपी स्वीकारल्याने अनेक भाषांची सामग्री एकाच पद्धतीने वाचण्याजोगी झाली. परंतु उच्चारचिन्हे हा या निर्णयाचा अविभाज्य भाग होता. पुढे संगणकीय सूचींत रोमन नोंदी बहुधा चिन्हांवाचून होऊ लागल्या, तेव्हा ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ट’ आणि ‘त’ यांच्यातील भेद मावळला. ‘बाळ’ आणि ‘बाल’ हे शब्द तेथे एकरूप होतात. चिन्हे टाकून देण्याचा निर्णय सोयीपोटी घेतला गेला. त्याची किंमत मात्र भारतीय भाषांच्या अभ्यासकाला चुकवावी लागते.

४. उद्बोधन आणि उजळणी

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. २०१५ मध्ये त्यांना मनुष्यबळ विकास केंद्र असे नाव मिळाले आणि २०२३ मध्ये मालवीय मिशनच्या अंतर्गत ती शिक्षक प्रशिक्षण केंद्रे झाली. नावे बदलली, अभ्यासक्रमांची मुदत कमी-अधिक झाली. नवोदितांसाठी उद्बोधन वर्ग आणि अनुभवी अध्यापकांसाठी विषयनिहाय उजळणी वर्ग ही मूळ रचना मात्र दीर्घकाळ टिकली.

या वर्गांचे ऋण मान्य केले पाहिजे. आसामातील, केरळातील आणि विदर्भातील अध्यापक तीन आठवडे एकत्र राहून भारतीय साहित्याची चर्चा करीत आहेत, असे दृश्य अनेकदा या वर्गांतच दिसले. तौलनिक साहित्याचा स्वतंत्र विभाग जादवपूर विद्यापीठात १९५६ मध्ये बुद्धदेव बसू यांच्या पुढाकाराने सुरू झाला. ज्या विद्यापीठांत असे विभाग नव्हते तेथील भाषाध्यापकांना या विद्याशाखेची तोंडओळख अशा वर्गांतून होऊ शकली.

तथापि या रचनेत एक भिंत होती. साहित्याच्या उजळणी वर्गाला साहित्याचे अध्यापक येत. सहायक ग्रंथपालालाही पदोन्नतीसाठी असे वर्ग आवश्यक असत, परंतु त्याचा वर्ग ग्रंथालयशास्त्राचा. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी जे अल्पमुदतीचे कार्यक्रम होत त्यांत कार्यालयीन कामकाज व संगणकवापर यांवर भर असे. अनुवादाचे वर्गीकरण कसे करावे हा प्रश्न एका दालनात तांत्रिक नियम म्हणून शिकविला जाई आणि शेजारच्या दालनात अनुवाद-मीमांसा म्हणून चर्चिला जाई. दोन्ही दालनांची गाठ पडत नसे. वेतनश्रेणीशी जोडलेल्या प्रमाणपत्राने उपस्थिती मिळविली. परस्परांच्या कामाचे आकलन मिळविणे त्याच्या उद्दिष्टांत नव्हते.

५. भांडारातील प्रबंध

गेल्या दोन दशकांत संशोधन-साहाय्याचे केंद्र संगणकीय सेवांकडे सरकले. १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सुरू केलेला इन्फ्लिबनेट हा प्रकल्प पुण्याच्या आयुका संस्थेच्या छत्राखाली वाढून १९९६ मध्ये स्वतंत्र केंद्र झाला. आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करण्याचे बंधन घातले आणि त्यातून ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे सार्वजनिक भांडार वाढीस लागले. या उपक्रमाचे लोकशाही मूल्य निर्विवाद आहे. पूर्वी ज्या प्रबंधासाठी कोलकात्याचा वा हैदराबादचा प्रवास करावा लागे तो आता तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला उघडता येतो. जुन्या कार्यशाळांच्या बंद दालनांशी तुलना केली असता ही फार मोठी झेप आहे.

प्रबंध उघडता येणे आणि प्रबंध सापडणे या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. मराठी प्रबंधांच्या प्रती जेव्हा केवळ पानांच्या प्रतिमा म्हणून, अथवा युनिकोडपूर्व टंकांतील अक्षरांसह भांडारात येतात तेव्हा त्यांच्या अंतरंगात शब्दशोध घेता येत नाही. युनिकोडमधील मजकुराचेही अडसर आहेत. ‘दुसऱ्या’ या साध्या शब्दातील अर्धा ‘र’ संगणकात दोन निराळ्या संकेतक्रमांनी साठविता येतो. डोळ्याला दोन्ही रूपे सारखीच दिसतात, शोधयंत्राला मात्र ते दोन शब्द वाटू शकतात. अशा वेळी प्रबंध सापडणे हे सर्वस्वी नोंदीवर, म्हणजे शीर्षक, विषयशब्द आणि सारांश भरणाऱ्या व्यक्तीवर अवलंबून राहते. मराठी व कन्नड कादंबरीची तुलना करणाऱ्या प्रबंधाला केवळ ‘मराठी’ हा विषयशब्द दिला गेला तर कन्नड अभ्यासकाच्या दृष्टीने तो प्रबंध लिहिलाच गेला नाही. विषयशब्द देणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रबंधाचे अंतरंग कोणी समजावून दिलेले नसते, आणि संशोधकाला विषयशब्दांचे महत्त्व कोणी सांगितलेले नसते. दोष कोणा एकाचा नाही. दोघांना एका कागदावर आणणारी रचनाच नाही.

साहित्यचौर्याच्या तपासणीतही हीच उणीव जाणवते. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी साम्याच्या टक्केवारीनुसार स्तर ठरविले आणि दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य मानले. श्रेयनिर्देशासह दिलेली अवतरणे त्यातून वगळण्याची तरतूद आहे. तरीही अवतरण कोणते, परंपरेने रूढ झालेली शब्दयोजना कोणती आणि उचल कोणती, हे ठरविण्यासाठी अहवाल वाचणारा माणूस लागतो. अक्षरसाम्य मोजणारी प्रणाली बंगालीतून मराठीत गुपचूप उतरविलेले प्रकरण ओळखेलच असे नाही, आणि संतकाव्याची प्रामाणिक अवतरणे मात्र ती ठळक रंगात दाखवू शकते. २०१९ पासून पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशननीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम अनिवार्य झाला, हे स्वागतार्ह होते. अनुवादातून होणाऱ्या उचलीचा प्रश्न त्यात गांभीर्याने शिकविला जाणे ही तौलनिक अभ्यासाची खास गरज आहे.

ग्रंथसामग्रीच्या खरेदीचे चित्रही विचारात घ्यावे लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिलेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेत तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची जवळजवळ १३,००० नियतकालिके शासकीय संस्थांना उपलब्ध करून देण्याचा तिचा हेतू आहे. विज्ञानशाखांना तिचा मोठा लाभ होईल आणि साहित्यसिद्धान्ताच्या अभ्यासकालाही होईल. परंतु ‘विविधज्ञानविस्तार’ आणि ‘बंगदर्शन’ यांच्या अंकांतील कादंबरीविषयक चर्चा शेजारी ठेवून वाचू इच्छिणाऱ्याची गरज या वर्गणीने भागत नाही. त्याला हवी असते ती जुन्या नियतकालिकांची आंतरभाषिक लेखसूची. आणि ती विकत मिळत नाही, ती भाषा जाणणाऱ्या माणसांकडून घडवून घ्यावी लागते. वर्गणीवर होणारा खर्च आणि सूचीकारांच्या घडणीवर होणारा खर्च यांतील तफावत पाहिली असता, भारतीय भाषांतील संशोधनाला साहाय्य म्हणून नेमके काय दिले जात आहे, असा प्रश्न उपस्थित होतो.

६. समारोप

वरील विवेचनातून असे दिसते की संशोधन-साहाय्याचा विस्तार आणि त्याची पारदर्शकता या दोन गोष्टी भारतात एकाच दिशेने वाढल्या नाहीत. पाठपडताळणीच्या कागदावर साहाय्यकाच्या निर्णयासाठी रकाना होता, पण त्या कागदापर्यंत पोहोचणारे थोडे होते. आजच्या भांडारापर्यंत कोणालाही पोहोचता येते, पण तेथे तो रकाना नाही. एकाचा गौरव आणि दुसऱ्याचा धिक्कार यांतून काही निष्पन्न होणार नाही. जुन्या कार्यशाळेतील नोंदीची शिस्त नव्या व्यवस्थेच्या खुलेपणात आणणे हे खरे काम आहे.

त्यासाठी तीन गोष्टी शक्य कोटीतल्या आहेत. पहिली, भारतीय भाषा व तौलनिक साहित्य यांच्या उजळणी वर्गांत अध्यापक आणि ग्रंथपाल यांना एकत्र बसविणे, आणि व्याख्यानांच्या जोडीला प्रत्यक्ष नोंदीचे काम देणे. वरेरकरांच्या एकाच अनुवादाची नोंद दोघांनी मिळून केली, तर अनुवादाविषयी आणि वर्गीकरणाविषयी दोघेही जे शिकतील ते स्वतंत्र वर्गांतून मिळणे कठीण आहे. दुसरी, प्रबंधाच्या नोंदीतील विषयशब्द व उच्चारचिन्हे संशोधक आणि ग्रंथालय यांनी संयुक्तपणे ठरविणे, आणि तुलनेतील प्रत्येक भाषेचा त्यात स्वतंत्र निर्देश करणे. तिसरी, तौलनिक प्रबंधाला साहाय्य-टीप जोडण्याची प्रथा पाडणे. कोणत्या लिपीतील मजकूर कोणी वाचून दिला, कोणत्या सूची पाहिल्या, कोणते अनुवाद मुळाशी ताडले व कोणते ताडले नाहीत, कोणते वाचन संदिग्ध राहिले, हे त्या टीपेत यावे. आभाराच्या ओळीने जे झाकले जाते ते अशा टीपेतून उघड होईल. साहाय्यकाला त्याचे श्रेय मिळेल आणि त्याच्यावर नको ती जबाबदारीही येणार नाही.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे हे या गरजेचे जवळचे उदाहरण आहे. तमिळ प्रदेशात मराठी राजवटीत निर्माण झालेल्या या सामग्रीचा अभ्यास तमिळ, तेलुगू, मराठी आणि संस्कृत यांच्या सहवासाचा अभ्यास आहे. मोडी वाचणारा तमिळ जाणत असेलच असे नाही, आणि तमिळ जाणणाऱ्याला मोडी येत असेलच असे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर अशा सामग्रीकडे नव्याने लक्ष जाणे स्वाभाविक आहे. लक्ष, निधी आणि यंत्रे उपलब्ध झाली तरी मोडीतील संदिग्ध अक्षरापाशी कोणीतरी थांबावे लागेल, आणि आपण येथे थांबलो होतो हे लिहून ठेवावे लागेल. तुलनेची विश्वसनीयता त्या नोंदीपासून सुरू होते.